माफीवर उघडणारा तुरुंग

माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याविषयी उगाच आदर वाटायला नको. मी अवकाशात एक तुरुंग बांधला. त्याला भिंत ठेवली नाही, कुलूप ठेवलं नाही, आणि सुटायची युक्ती मात्र कैद्याच्याच गळ्यात बांधली: तिने "माझं चुकलं" म्हणायचं, की तुरुंग उघडला. गोष्ट छापून आली, लोकांनी वाखाणली. इथवर ठीक होतं. पण मग मी ती गोष्ट खरी करायला निघाले, तीही पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या सासरच्या वाडीत, ऐन शिमग्यात, देवीच्या पालखीसमोर. तेव्हा मी लहान होते. नुकती साठी उलटली होती. त्या वयात बाईला वाटतं, आता आपल्याला सगळं कळतं.

आता मला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलंय आणि सत्कारालाही कुणी बोलवत नाही. गुडघे सोडले तर निवांत आहे. म्हणून त्या साठीतल्या तरुणीची, म्हणजे माझीच, थोडी मस्करी करायला वेळ आहे.

ती महाडला शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली, पाठोपाठ यजमान गेले, मुलगा-सून नातीला घेऊन ठाण्याला राहायला गेले, आणि ही दुपारभर पंख्याकडे बघत बसायला लागली. पंख्याकडे बघता बघता तिला अवकाश सुचलं. दुसऱ्या कुणाला झोप सुचली असती. तिने एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा धाडली, संपादकांनी छापली, आणि बाईंच्या पायाखालची जमीन जी सुटली ती सुटलीच. लिहिलेले कागद तेवढे माळ्यावर ठेवायची. महाडात खालच्या फळीवर ठेवलेलं लिखाण सावित्री नदी पावसाळ्यात वाचून टाकते.

मी एक विश्वच उभं केलं होतं. ग्रह, उपग्रह, त्यांच्यामधून धावणारी मालवाहू यानं. पण दोन-तीन गोष्टींनंतर माझ्या ध्यानात आलं की वाचकांना त्यात एकच गोष्ट आवडते, ती म्हणजे तुरुंग. मग काय, मी तुरुंगांचा धडाका लावला. एक तुरुंग धूमकेतूच्या पोटात होता. बर्फाच्या कोठड्या. धूमकेतू सूर्याजवळ आला की भिंती वितळायच्या आणि कैदी सुटायचे, फक्त तोवर त्यांच्या तीन पिढ्या उलटलेल्या असायच्या. दुसऱ्या तुरुंगात गुरुत्वाकर्षण इतकं जबर की माणसाला हात उचलवत नसे, त्यामुळे बेड्यांचा खर्च वाचलेला. तिसऱ्यात काळच हळू चालायचा. कैदी एक दुपार आत काढून बाहेर यायचा, तर त्याला ओळखणारं कुणीच उरलेलं नसायचं. या गोष्टीवर मला इतकी पत्रं आली की मी महिनाभर भाजीवालीशीही जरा वरच्या आवाजात बोलत होते.

नात सुट्टीत आली की माझे कागद वाचायची. एकदा म्हणाली, "आजी, तुझ्या जगात एक पण शाळा नाही. सगळे तुरुंगच. तू टीचर होतीस ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

या सगळ्या तुरुंगांची पहिली श्रोती मात्र वर डोंगरात होती. माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे मुलगे मुंबईला, यजमान वारलेले, त्या एकट्या वाडीतल्या घरात. मी दोन-तीन महिन्यांतून एक खेप घालायची. महाडहून यष्टीने पोलादपूर, तिथून शेअर रिक्षाने वर. जाऊबाई कुळीथ पाखडत बसायच्या आणि मी समोर बसून वाचायची. लिहिणाऱ्याला असा श्रोता मिळायला नशीब लागतं: त्यांच्याकडे दुसरं कुणी बोलायला येतच नसे. ही मस्करी मी तेव्हाही करायची. त्यांच्यासमोर. त्या हसायच्यासुद्धा. त्या कशाच्या जोरावर हसायच्या, हे विचारावं असं मला कधी वाटलं नाही.

प्रश्न मात्र फार विचारायच्या. जबर गुरुत्वाकर्षणाचा तुरुंग ऐकून म्हणाल्या, "धाकटे, हात उचलत नाय म्हंतेस, मंग त्यांना घास कोण भरवतं?"

"यंत्रं भरवतात, आक्का."

"आणि संडासला?"

"आक्का, ही विज्ञानकथा आहे."

"मंग काय झालं? विज्ञानात पोट साफ करायचं नाय?"

मी कपाळाला हात लावायची. मग महाडला जाऊन गुपचूप त्या गोष्टीत एक नळी घालायची.

त्यांच्याशी कुणी का बोलत नसे, ते सांगायला हवं. वाडीत पालखी ठेवायचा एक ओटा आहे, त्याला सहाण म्हणतात. सहाणेला लागून, पण थोरल्या दिरांच्या हद्दीत, एक आंब्याचं झाड आहे. ओटा वाढवायचा म्हणून गावकीने झाड तोडायचं ठरवलं. दीर म्हणाले, झाड माझं आहे, निदान मला विचारा. कुणी विचारलं नाही. तेव्हा ते उठले आणि पोलादपूरला कचेरीत अर्ज देऊन आले. झाड वाचलं. पण गावातलं भांडण गावाबाहेर नेलं, हे गावकीला सोसलं नाही, आणि त्या घराशी बोलणं बंद झालं. दीर गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं सोयऱ्यांच्या गावाहून आणावी लागली. आंबा अजून उभा आहे. त्याला कुणी वाळीत टाकलेलं नाही. वैशाखात पडलेले आंबे सगळी वाडी उचलते.

"वाळीत" हा शब्द आता कुणी तोंडातून काढत नाही. त्याला कायदा आला आहे. त्यामुळे कुणी काही जाहीर करत नाही, दंड मागत नाही, दवंडी नाही. नुसतं बोलत नाहीत. लावणीला माणूस येत नाही. लग्नाची पत्रिका येत नाही. दुकानात गेलं की दुकानदार आधी मागून आलेल्यांना देतो, मग कुणीच उरलं नाही की यांच्यापुढे सामान सरकवतो, आणि तेवढ्यात त्याला फोन येतो. शिमग्यात पालखी प्रत्येक घराच्या अंगणात जाते, पाच मिनिटं टेकते, घरातली बाई देवीला नारळ देते, ताट ओवाळते. या एका घरावरून ती नुसती पुढे जाते.

मी कायद्याचं बोलून पाहिलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या पोरांनी पण सांगितलं. केस करीन मी. चार जण आत जातील. मंग माझ्या उंबऱ्यात येऊन कोण बोलंल, पोलीस?"

आम्ही यातून सुटलो होतो, कारण आमच्या वाटण्या झालेल्या. चूल वेगळी. आमचे हे गावकीच्या बैठकीला जायचे आणि गप्प बसायचे, आणि घरी आल्यावर माझ्याशीही गप्प बसायचे. मी त्यांना भित्रे म्हणायची. मनात. तोंडाने म्हणण्याइतकी धीट मीही नव्हते.

पालखी हा एकच विषय असा होता की त्यावर जाऊबाईंचा आवाज बदलायचा. बाकी सगळं त्यांनी सोडलं होतं. लग्नं, हळदी, बारशी. पण दर शिमग्याला त्या अंगण सारवायच्या, दाराला आंब्याचं तोरण लावायच्या, आणि ढोल जवळ येऊन लांब जाईपर्यंत उभ्या राहायच्या. मुलगा त्यांना कायमचं मुंबईला न्यायचं म्हणत होता. "जाईन," त्या म्हणायच्या. "येकदा देवी अंगणात टेकू दे. मंग कुठं पण ने. खोलीत ने, नायतर स्मशानात ने."

आणि इथे मला ती झकास कल्पना सुचली.

मी गोष्ट लिहिली. एक शहर, पोकळीत फिरणाऱ्या कड्यासारखं. तिथे प्रत्येक नागरिकाच्या डोळ्यात जन्मताच एक भिंग बसवतात. कुणाला शिक्षा झाली की सगळ्यांच्या भिंगांमधून तो माणूस पुसला जातो. तो रस्त्याने चालतो, दुकानातून भाकरी उचलतो, कुणी अडवत नाही. फक्त कुणाला तो दिसत नाही. समोरून येणारी माणसं तो जिथे उभा असेल तिथून अलगद वळून जातात, जसं पाणी दगडाला वळसा घालतं. गोष्टीत अशी एक बाई असते. ती ओरडते, हसते, भर चौकात नाचते. शेवटी ती शहराच्या मधल्या मनोऱ्यावर चढते आणि म्हणते, "माझं चुकलं." सगळ्यांची भिंगं एकदम निवळतात, माणसं धावत येऊन तिला मिठी मारतात, सगळे रडतात. लिहिताना मीही रडले. चहा करून प्यायले आणि पुन्हा एकदा रडले.

बाईचा गुन्हा काय, ते मी लिहिलंच नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

डाव असा होता: वाडीतली माणसं ही गोष्ट ऐकतील, त्यांना आपलंच तोंड दिसेल, आणि ती विरघळतील. साहित्याने माणूस बदलतो असं मी मुलांना निबंधात लिहायला लावायची. इतकी वर्षं तेच तेच तपासून माझाही त्यावर विश्वास बसला होता.

जाऊबाईंना आधी वाचून दाखवली. वाचताना मी मधेमधे त्यांच्याकडे बघत होते, डोळे पाणावतात का ते. सूप हातात तसंच होतं, पण पाखडणं थांबलेलं. गोष्ट संपली.

"कशी आहे, आक्का?"

"बरी हाय."

"नुसती बरी?"

"मोठी हाय," त्या म्हणाल्या आणि लाकडं आणायला मागे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, गहिवरल्या असतील. मी खूश होऊन डब्यातले पोहे खाल्ले.

त्या वर्षी शिमग्याला गावकीने माझा सत्कार ठेवला. वाडीची सून दिवाळी अंकात झळकते म्हणून. मुंबईकर मंडळी बॅनर घेऊन आली होती. सहाणेपुढे खुर्च्या मांडल्या, लाऊडस्पीकर लावला, मला शाल आणि नारळ दिला. पालखीचे मानकरी म्हणजे नात्याने माझे चुलत दीर. गोड माणूस. त्यांनीच आग्रह केला, "वहिनी, एक गोष्ट होऊन जाऊ दे."

मी हीच वाट बघत होते. उभी राहिले आणि तीच गोष्ट वाचली. शाळेत जसं पाठ्यपुस्तक वाचायची तसं, प्रत्येक वाक्यावर वजन देत. सगळी वाडी शांत बसून ऐकत होती. लाऊडस्पीकरचा एक कर्णा खालच्या आळीकडे तोंड करून होता, जाऊबाईंच्या घराकडे. तोही मी हिशेबात धरला होता. मला वाटलं, त्या ऐकतील आणि त्यांना कळेल की धाकटी आपल्यासाठी लढते आहे. मनोऱ्याचा प्रसंग आला. पुढच्या रांगेत दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. टाळ्या तर थांबता थांबेनात.

मी गर्दीत एकेक चेहरा शोधत होते. कुणाला तरी लाज वाटायला हवी होती. कुणालाच वाटली नव्हती. एक बाई माझा हात धरून म्हणाली, "बाई गो, काय तो तुरुंग! आपल्याकडं नाय असलं काय, ते बरं." आणि तिचं घर जाऊबाईंच्या घराला भिंतीला भिंत.

मानकरी मात्र मला बाजूला घेऊन गेले. त्यांचे डोळे खरंच ओले होते.

"वहिनी, तुमच्या मनातलं कळलं मला. थोरल्या वहिनींसाठी वाचलीत ना?"

मी मान हलवली. 

"आम्हाला काय आनंद होतो का? आणि आम्ही काय बंद केलंय? बोलत नाय, एवढंच. बोललंच पायजे अशी काय कायद्यानं सक्ती हाय का? पण तुम्ही मार्ग दाखवलात. गोष्टीतल्या बाईनं कसं, मोठ्या मनानं दोन शब्द टाकले, आणि सगळं शहर धावत आलं. तसंच करू. उद्या पालखी त्यांच्या दाराशी नेतो. त्यांनी देवीपुढं म्हणायचं, आमच्या घराचं चुकलं. बस. पालखी अंगणात."

पुढे जे केलं त्याला मी आजही तिलाच जबाबदार धरते, त्या साठीतल्या तरुणीला. तिने या बोलण्यातलं पहिलं ऐकलं, शेवटचं ऐकलं, आणि मधलं सोडून दिलं. पालखी दाराशी, पालखी अंगणात. धावत सुटली. परसातून आत शिरून म्हणाली, "आक्का, उद्या पालखी येणार तुमच्याकडे!"

जाऊबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोण म्हणालं?"

"मानकऱ्यांनी स्वतः सांगितलं."

"कसं काय?"

"गोष्ट ऐकून," मी म्हटलं. आणि अट सांगितली नाही. वाटलं, आत्ता सांगितली तर त्या अडून बसतील. पण उद्या देवी समोर असेल, ढोल थांबलेले असतील, सगळी वाडी बघत असेल, तेव्हा शब्द आपसूक येतील. माझ्या गोष्टीत आले नव्हते का? आणि खरं सांगायचं तर मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की म्हणून टाकावं एकदाचं. दोन शब्दांनी काय झिजतं. गोष्टीचा तो शेवट मी संपादकांसाठी लिहिला नव्हता, वाचकांसाठीही नाही. मला तो मनापासून पटत होता.

सकाळी मी खालच्या गावातल्या मुक्कामाहून वर आले तेव्हा जाऊबाईंनी अंगण सारवून घेतलं होतं. दर वर्षी सारवायच्या, पण या खेपेला गल्लीपर्यंत सारवलं होतं, गुडघे टेकत टेकत. पालखीचे भोई जेवतील म्हणून पुरण शिजवलं होतं. किती, ते विचारू नका. सबंध वाडी जेवली असती. नवं लुगडं नेसल्या होत्या, त्याच्या घडीच्या रेषा अंगभर तशाच. ताटात नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. विधवा बाईने देवीची ओटी भरावी का, असा प्रश्न वाडीत कुणी काढला असता, पण तो काढायचा तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं.

"धाकटे, खण बरा हाय ना गो? मागल्या साली आणलेला हाय. त्याच्या मागल्या साली."

"छान आहे," मी म्हटलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी ताटातला नारळ मधोमध ठेवला.

ढोल जवळ आले. सनई आली. पालखी गल्लीत वळली, आणि खरोखरच, या घरापाशी थांबली. भोयांनी खांद्यावर पेलून धरली. त्यांच्या पायाखाली फुफाटा तापलेला. मागे सगळी वाडी, मुंबईकर, मोबाइल वर धरलेले. ढोल थांबले. अंगण आणि पालखी यांच्यात सारवणाची एक कड होती, ओली. पुढच्या भोयाचा पाय त्या कडेशी येऊन उभा होता.

जाऊबाई ताट घेऊन पुढे झाल्या. पालखी हलली नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मानकरी हळूच म्हणाले, "वहिनी, सांगितलंत ना त्यांना?" ते मला विचारत होते. जाऊबाई हातभर अंतरावर उभ्या, तरी त्यांना नाही.

मी जाऊबाईंच्या कानाशी गेले. "आक्का, एकच वाक्य म्हणायचं. आमच्या घराचं चुकलं, एवढंच. मग आत येतात."

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

ते तर गोष्टीत लिहिलं नव्हतं, तिथे मी काय सांगणार.

"आक्का, नुसतं म्हणायचं हो."

"त्यांच्या नावानं?" त्या म्हणाल्या. दिरांबद्दल म्हणत होत्या. "मेलेल्या माणसाचं चुकलं म्हणू मी?"

सगळे थांबले होते. एका पोरीने मोबाइल खाली घेतला. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, राहू दे, न्या पालखी आत. प्रत्येकाच्या तोंडावर ते वाक्य आलेलं मी पाहिलं. माझ्याही तोंडावर आलं होतं. मी वाडीची सत्कारमूर्ती होते, माझ्या खांद्यावर अजून कालची शाल होती, मी म्हटलं असतं तर निदान ऐकू गेलं असतं. मी शालीचं टोक नीट केलं.

जाऊबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं. होत्या तिथूनच वाकून नमस्कार केला, आणि देवीशी बोलल्या, घरातल्या माणसाशी बोलावं तशा.

"आय, उभी राहिलीस, लय झालं. जा आता. तुझ्या पोरांचे पाय भाजतात."

पुढच्या भोयाने मान खाली घातली. मग ढोल वाजले, आणि पालखी पुढच्या घराकडे गेली. सारवणाची कड तशीच राहिली, तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ ओटीवर बसून होतो. पुरण निवत होतं. पलीकडच्या घरी नारळ फुटल्याचा आवाज आला, आरती झाली, हसणं ऐकू आलं. मी एकदा म्हटलं, "आक्का, मला आधी सांगायला हवं होतं."  पुन्हा म्हटलं, "मला वाटलं, त्यांना कळेल." त्यांनी खण घडी करून ट्रंकेत ठेवला आणि परत येऊन बसल्या. मी गोष्टीविषयी काहीतरी म्हणायला गेले, आणि माझं मलाच ऐकवेना.

मग उन्हं कलली आणि माझी नजर मनगटाकडे गेली. सवयीने. इतकी वर्षं मी त्या घरात येत होते, पण रात्र काढली नव्हती. दुपारी आलं तर वाडीला दिसलं नाही म्हणता येतं. मुक्काम केला तर तो सगळ्यांना दिसतो, आणि मग आपलंही बोलणं बंद होतं, हे कुणी न सांगता मला पाठ होतं. शिमग्यालासुद्धा मी खालच्या गावात माहेरच्या नातलगांकडे उतरायची. पिशवी उचलली. पायरी उतरले.

मागून जाऊबाईंचा आवाज आला. दमलेला होता, पण चिडका नव्हता.

"घड्याळ नको बघू गो धाकटे. रिक्षा जाऊ दे. हितंच जेव, हितंच नीज, आणि सकाळी माझा हंडा घेऊन सगळ्यांच्या देखत नळावर जा. जमलं तर कर. नाय जमलं तर येत जा आपली गोष्टी वाचायला, मी ऐकीन."